कथालेखनाचं पुस्तक हातात घेण्याआधी एक गोष्ट फसू द्या

तालुक्याच्या वाचनालयात कथालेखनावरचं एखादं जुनं मार्गदर्शक पुस्तक सापडलं तर ते उघडून बघा. पहिल्या तीस-चाळीस पानांत पेन्सिलीच्या रेघा असतात. समासात कुणीतरी ‘महत्त्वाचे’ असं लिहिलेलं असतं, एखाद्या वाक्याला चौकट केलेली असते. मग खुणा संपतात आणि उरलेलं पुस्तक कोरं राहतं. मी स्वतः अशी चार पुस्तकं अर्धी कोरी ठेवून परत केली आहेत, तेव्हा त्या अनोळखी वाचकाला हसायचा हक्क मला नाही.

पुस्तक वाईट होतं म्हणून तो थांबला असं मला वाटत नाही. त्याच्याकडे दुरुस्त करायला काही नव्हतं. घरात सायकल नसताना पंक्चर काढायची कृती माणूस किती वेळ वाचेल? कथालेखनाचं पुस्तक दुरुस्तीचं असतं. ते लेखकानं लिहून झाल्यावर, मागे वळून बघताना लिहिलेलं असतं, आणि वाचायचंही तसंच असतं: आपली एक मोडकी गोष्ट शेजारी ठेवून. हे कळायला मला सहा वर्षं लागली. तुमची तेवढी जाऊ नयेत म्हणून हा लेख.

मोडकी गोष्ट कशी लिहायची

पंधराशे ते दोन हजार शब्द. एक दिवस, एक जागा, दोन किंवा तीन माणसं. दहा दिवसांत संपवायची, आणि संपवायची म्हणजे शेवट लिहायचाच, कितीही रडका असला तरी. अर्धवट गोष्टीत नेमकं काय बिघडलंय ते कुठलंही पुस्तक सांगू शकत नाही.

विषय शोधत बसू नका. डोक्यात अडकून राहिलेली एखादी वस्तू किंवा हालचाल घ्या. मी वडिलांचा अंगठा घेतला होता. ते सरकारी छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवायचे. निवृत्तीनंतर दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो, त्यासाठी मी त्यांना बँकेत नेलं. यंत्रावर अंगठा उमटेना. उमटणार कसा, बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. काउंटरवरची मुलगी पुन्हा पुन्हा पुसायला सांगत होती. एवढंच घडलं होतं. त्यावर मी गोष्ट लिहिली. तिची सुरुवात अशी होती:

“पहाटेचे पाच वाजले होते. गजर झाला तशी मला जाग आली. बाहेर अजून अंधार होता. आज बाबांना बँकेत न्यायचं होतं. बाबा तीस वर्षं छापखान्यात नोकरीला होते. अत्यंत प्रामाणिक आणि कष्टाळू असा त्यांचा लौकिक होता…”

आणि शेवट असा: “माझे डोळे पाणावले. जिवंत माणसाला जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागावा, यासारखं दुर्दैव ते कोणतं!”

हसा. मी त्या वेळी हे वाक्य लिहून उठलो तेव्हा खरोखर भारावलो होतो. एका दिवाळी अंकाकडे गोष्ट पाठवली, ती दीड महिन्यानं ‘साभार परत’ आली. कारण दिलं नव्हतं. कारण मागायचं नसतं हेही तेव्हा ठाऊक नव्हतं.

गोष्ट झाली की दोन आठवडे नजरेआड ठेवा. मग पेन्सिल घेऊन वाचा आणि जिथे तुमचाच जीव कंटाळला तिथे फक्त उभी रेघ ओढा. उपाय लिहू नका, कारणही शोधू नका. माझ्या कागदावर पाच रेघा आल्या: पहिलं पान, बाबांच्या नोकरीचा इतिहास, रिक्षातला संवाद, बँकेचं वर्णन, शेवट. या पाच रेघा घेऊन वाचनालयात जायचं. आता पुस्तकाला विचारायला तुमच्याकडे काहीतरी आहे.

कुठलं पुस्तक

ढोबळ चार जाती आहेत. पहिली तंत्राची: कथानक, पात्रं, संवाद, वातावरण अशी प्रकरणं. दुसरी व्यायामांची: स्पष्टीकरण कमी, करून बघायला जास्त. तिसरी लेखकाच्या आठवणींची, त्यात तो स्वतः कसा लिहितो ते सांगतो. चौथी म्हणजे समीक्षा: कथा हा प्रकार काय आहे, कसा बदलत गेला. नव्या माणसाला तिसरी जात सगळ्यात गोड लागते आणि तिचा उपयोग सगळ्यात कमी होतो. दुसरा माणूस पहाटे चारला उठून लिहितो हे वाचून आपण फार तर पहाटे चारला उठतो.

दुकानात किंवा वाचनालयात उभ्या उभ्या करायची परीक्षा सोपी आहे. संवादाचं प्रकरण उघडा. तिथे एखाद्या कथेतला निदान पाऊण पानाचा उतारा आहे का, आणि त्या उताऱ्यावर लेखकानं वाक्या-वाक्याला बोट ठेवलंय का, ते बघा. ‘संवाद चटपटीत, पात्रानुरूप आणि ओघवते असावेत’ अशी नुसती विशेषणं असतील तर पुस्तक खणात परत ठेवा. ते वाक्य खोटं नाही, पण ते वाचून कुणाचाही संवाद सुधारलेला नाही.

मराठीतली जुनी तंत्रपुस्तकं दुकानात सहजी मिळत नाहीत. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत चौकशी करा. नाहीतर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) यांसारख्या जुन्या संस्था आहेतच. आपल्या गावचं शंभरी ओलांडलेलं वाचनालय असेल तर तिथला ग्रंथपाल सूचीपेक्षा जास्त कामाचा. आणि एका वेळी एकच पुस्तक आणा. तीन आणली की तुलना सुरू होते, लिहिणं बंद पडतं.

नियम कुठून आला ते आधी बघा

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझी बरीच वर्षं इथेच वाया गेली. पुस्तकातला नियम वाचताना तो आकाशातून पडला असं वाटतं. तसं नसतं. कुणीतरी, कुठल्यातरी मासिकासाठी, कुठल्यातरी अडचणीवर काढलेला तो तोडगा असतो.

‘कथेचा एकच एकसंध परिणाम झाला पाहिजे’ हा नियम घ्या. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात तो आहे. तो ठळकपणे मांडला अमेरिकी कथाकार एडगर अॅलन पो यांनी, १८४२ साली, त्यांच्याच काळातले लेखक हॉथॉर्न यांच्या कथांवर लिहिताना. अर्ध्या तासापासून ते एक-दोन तासांपर्यंत, एका बैठकीत वाचून होईल असं लेखन त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. वाचक मध्येच उठला की पकड सुटते, म्हणून आधी परिणाम ठरवा आणि त्याला पोषक नसलेला एक शब्दही ठेवू नका, असं त्यांचं म्हणणं. पो स्वतः मासिकांचे संपादक होते. मासिकाच्या पानांत मावणारी, एका दमात संपणारी गोष्ट ही त्यांची रोजची गरज होती.

आपल्याकडेही कथेला आकार दिला तो मासिकांनीच. का. र. मित्र यांनी १८९५ साली सुरू केलेल्या ‘मासिक मनोरंजन’नं एका अंकात संपणारी ‘संपूर्ण गोष्ट’ लोकप्रिय केली. १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तोही त्यांनीच. पुढे ना. सी. फडके आले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले प्राध्यापक, तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवणारे. १९३१ साली त्यांचं ‘प्रतिभासाधन’ निघालं. लेखन ही दैवी देणगी आहे, शिकवता येत नाही, असं मानणाऱ्या वातावरणात या माणसानं सांगितलं की यात तंत्र आहे आणि ते शिकता येतं. सुरुवात पकड घेणारी, मध्ये गुंतागुंत, उत्कंठा, शेवटी उकल. आज या तंत्राची टिंगल करणं सोपं आहे. पण फडक्यांचं पुस्तक वाचताना एक गोष्ट मला नेहमी जाणवते: ते वाचकाला ‘तुला जमेल’ असं सांगत असतात, आणि हे सांगणारी माणसं आपल्या साहित्यात थोडी आहेत.

मग १९४५च्या आगेमागे नवकथा आली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर. चौघांचं एकमेकांशी फारसं जुळत नाही, पण घड्याळासारखं चालणारं कथानक चौघांनीही नाकारलं. गाडगिळांच्या कथेत बाहेर काही घडत नाही आणि माणसाच्या मनात मात्र सगळं हलत असतं. माडगूळकरांकडे माणूस आणि त्याचा मुलूख हीच गोष्ट. त्यांना जागा दिली ‘सत्यकथे’सारख्या मासिकानं. तिथे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांना पत्रं लिहून एकेका कथेवर चर्चा करत. म्हणजे फडक्यांच्या पिढीला पुस्तकानं शिकवलं असेल, तर नंतरच्या कित्येकांना संपादकाच्या पत्रानं शिकवलं. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडलं. तशी पत्रं लिहिणारे आता फार नाहीत, आणि म्हणूनच आपल्यासारख्यांना पुन्हा पुस्तकांकडे जावं लागतं.

याचा व्यवहारात उपयोग काय? पुस्तकातला प्रत्येक नियम वाचल्यावर समासात लिहायचं: हा कुणाच्या अडचणीवरचा उपाय आहे? माझी ती अडचण आहे का? माझ्या अंगठ्याच्या गोष्टीला ‘उत्कंठा’ नको होती. मी ती आणण्यासाठी रिक्षावाल्याशी भांडण घातलं होतं. ती तिसरी रेघ.

अजून एक नियम, सगळ्यांत जास्त घोकला जाणारा: ‘सांगू नका, दाखवा.’ याच्या मुळाशी गेलं तर रशियन लेखक चेकॉव्ह सापडतात. मे १८८६ मध्ये त्यांनी भावाला, अलेक्झांडरला, पत्र लिहिलं. निसर्गाच्या वर्णनात ठरावीक सुंदर वाक्यं टाळ. बांधावर फुटक्या बाटलीची काच ताऱ्यासारखी चमकली आणि कुत्र्याची किंवा लांडग्याची काळी सावली चेंडूसारखी घरंगळत गेली असं लिहिलंस तर चांदणी रात्र उभी राहील, असा त्या सल्ल्याचा आशय. पुस्तकं इथे थांबतात. पुढची गंमत ती सांगत नाहीत. दहा वर्षांनी ‘सीगल’ या नाटकात चेकॉव्ह यांनीच एका होतकरू लेखकाच्या तोंडी तक्रार घातली: त्या यशस्वी लेखकाचं बरं आहे, त्याचं तंत्र ठरलेलं आहे, बांधावर बाटलीची मान चमकते, गिरणीच्या चाकाची सावली पडते, की झाली चांदणी रात्र तयार! स्वतः दिलेला सल्ला साचा होतो हे त्यांना कुणाच्याही आधी कळलं होतं. मार्गदर्शक पुस्तकाच्या पहिल्या पानावर हा किस्सा छापायला हवा, असं माझं मत आहे.

इंग्रजी पुस्तकातून मराठीत येताना

तुम्ही इंग्रजीतली पुस्तकं वाचणार, आजकाल सगळेच वाचतात. त्यात चांगला माल आहे, विशेषतः व्यायामांच्या पुस्तकांत. पण काही सल्ले भाषेला चिकटलेले असतात आणि आपण ते तसेच उचलतो.

‘कर्मणी रचना टाळा’ हा त्यातला पहिला. इंग्रजीत ठीक आहे. मराठीत ‘तिनं दार उघडलं’ हाच कर्मणी प्रयोग आहे, शाळेत शिकलो होतो आपण. तो टाळायला गेलात तर भूतकाळात गोष्ट सांगताच येणार नाही. टाळायचं आहे ते ‘तिच्याकडून दार उघडलं गेलं’, आणि ते कुठल्याही आजीला विचारलंत तरी ती टाळेल.

दुसरा, ‘क्रियाविशेषणं कापा’. अंशतः खरं. ‘तो रागाने म्हणाला’ यातलं ‘रागाने’ बहुधा कापता येतं. पण ‘ती झटकन उठली’, ‘भांडं धाडकन आपटलं’, ‘तो मुसमुसत बसला’ यांतले शब्द कापलेत तर मराठीचा नाद जातो. आपल्याकडे आवाजाचे, हालचालीचे शब्द हेच पुष्कळदा ‘दाखवणं’ असतं. मी एकदा हा नियम डोळे झाकून पाळला आणि गोष्ट शासकीय परिपत्रकासारखी झाली.

तिसरी गोष्ट पुस्तकात नसतेच, कारण इंग्रजीला तो प्रश्न पडत नाही. ‘मी उठलो’ किंवा ‘मी उठले’ लिहिताक्षणी निवेदक पुरुष की बाई हे फुटतं. ते लपवायचं असेल तर ‘मी दार उघडलं, चहा केला, पत्र वाचलं’ अशी वाक्यं हाताशी आहेत, पण किती वेळ? एक पान तसं लिहून बघा. भाषेची लवचीकता आणि तिचा हट्ट दोन्ही एका बैठकीत कळतात.

आणि तू-तुम्ही. या एका जोडीवर आपल्याकडे अख्खी कथा उभी राहू शकते. माझ्या पहिल्या खर्ड्यात मुलगा बाबांना म्हणत होता, “बाबा, काळजी करू नका, सगळं नीट होईल.” खरं तर त्या दिवशी मी म्हणालो होतो, “तुम्ही जरा गप्प बसा हो.” आदरार्थी आहे आणि तरी किती उद्धट आहे! बापाला ‘तुम्ही’ म्हणणारी सगळी मुलं हा स्वर ओळखतात. पात्रांची नाती आणि ती बदलण्याचा क्षण ‘अहो’, ‘अगं’, ‘ए’, ‘आपण’ यांतून दिसतो. वहीत एक पान यासाठी ठेवा आणि घरात, एसटीत, दवाखान्यात कोण कुणाला काय म्हणतं ते टिपत जा.

बोलीचंही तसंच. संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण भाषेत, की सगळंच बोलीत? दोन्ही चालतं. मधल्यामध्ये घसरणं चालत नाही. आणि जी बोली कानाला रोज लागत नाही ती केवळ ‘न्हाय’ आणि ‘व्हय’ घालून उभी राहत नाही.

नियमाचा प्रश्न करा

आता प्रत्यक्ष रीत. एक प्रकरण, दोन आठवडे. पहिल्यांदा वाचताना काहीही अधोरेखित करायचं नाही. दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक नियमाचं वाक्य प्रश्नार्थक करून वहीत लिहायचं, आणि त्या प्रश्नात ‘माझी गोष्ट’ हे शब्द यायलाच हवेत.

पुस्तक म्हणतं: सुरुवात प्रसंगाच्या मध्यातून करा. वहीत: माझ्या गोष्टीचं पहिलं पान फाडलं तर वाचकाचं काय अडेल? मी खरंच फाडलं. काहीच अडलं नाही. गजर, अंधार, चहा, रिक्षा, सगळं गेलं आणि गोष्ट थेट काउंटरवर सुरू झाली: “‘अंगठा नीट पुसा आजोबा,’ ती मुलगी चौथ्यांदा म्हणाली.” त्या ‘चौथ्यांदा’नं आधीचे तीन प्रयत्न न लिहिताच सांगून टाकले. पहिली आणि तिसरी रेघ एकदम गेली.

पुस्तक म्हणतं: पात्राचा भूतकाळ थोडक्यात द्या. वहीत: बाबांच्या नोकरीतली कुठली गोष्ट या पंधरा मिनिटांत, या काउंटरसमोर, उपयोगी पडते? ‘प्रामाणिक आणि कष्टाळू’ पडत नाही. खिळे जुळवून झिजलेली बोटं पडतात. आणि अजून एक वाक्य सापडलं. मूळ खर्ड्यात दुसऱ्या पानावर, एका लांबलचक परिच्छेदाच्या पोटात मी लिहून गेलो होतो: “अजूनही त्यांची नजर छपाईतल्या चुका टिपते.” माहिती म्हणून आलं होतं, माहिती म्हणून गेलं होतं.

पुस्तक म्हणतं: शेवट अपरिहार्य आणि तरीही अनपेक्षित असावा. हे वाक्य वाचून मी आठवडाभर नुसता चिडलो होतो. कसा असावा म्हणजे? मग त्याचा प्रश्न केला: माझ्या गोष्टीत आधीच असलेली, पण वापरली न गेलेली कुठली वस्तू शेवटी परत येऊ शकते? उत्तर वर आलंच आहे. नव्या खर्ड्यात अंगठा उमटतच नाही. मुलगी साहेबांना बोलवायला जाते. बाबा भिंतीवरची सूचना वाचत उभे राहतात. ती परत येते तेव्हा ते तिला म्हणतात, “बाई, इथे ‘दखला’ झालंय. काना पडलाय.” बस. पाणावलेले डोळे काढले, दुर्दैव काढलं. साहेब येऊन काय म्हणाले तेही लिहिलं नाही.

यात पुस्तकानं शेवट दिला नाही, हे नीट लक्षात घ्या. काना माझ्या खर्ड्यातच होता. पुस्तकानं मला माझाच कागद पुन्हा वाचायला लावला.

बँकेच्या वर्णनाची चौथी रेघ मात्र कुठल्याच प्रश्नानं सुटली नाही. शेवटी ते वर्णन मी कापून टाकलं. असंही होतं.

दुसऱ्याची कथा उसवणं

तंत्रपुस्तकाच्या जोडीला एक चांगली कथा उसवून बघायची सवय लावा. महिन्याला एक पुरे. आवडती, पंधरा-वीस पानांची कथा घ्या आणि तिची झेरॉक्स काढा. वाचनालयाच्या प्रतीवर पेन्सिल नको, आधीच पुष्कळ झाली आहे. समासात प्रत्येक परिच्छेदापुढे तीनपैकी एक अक्षर लिहा: डोळ्यांसमोर घडतंय तिथे ‘प्र’ म्हणजे प्रसंग, काळ भराभर सरतोय तिथे ‘सा’ म्हणजे सारांश, मागचं सांगितलंय तिथे ‘मा’. मग परिच्छेदाच्या दुसऱ्या बाजूला तिथे किती वेळ गेला ते लिहा: पाच मिनिटं, एक हिवाळा, काहीच नाही.

चेकॉव्ह यांची ‘कुत्रेवाली बाई’ (१८९९) मी अशी उसवली होती. चार भाग आहेत. याल्टाच्या हॉटेलातल्या खोलीत बाई अपराधी होऊन खचून बसली आहे, आणि तिचा प्रियकर गुरोव टेबलावरच्या कलिंगडाची फोड कापून सावकाश खायला लागतो. निदान अर्धा तास शांततेत जातो. तो अर्धा तास लेखकानं एका छोट्या वाक्यात घालवलाय. दाखवली ती फक्त फोड. त्या माणसाबद्दल तोवर पानभर वाचलेलं सगळं त्या फोडीत येऊन बसतं. आता ‘सांगू नका, दाखवा’ हे पुन्हा वाचा: इथे दाखवलंय आणि सांगितलंयही, अर्धा तास सांगितलाय आणि फोड दाखवली आहे. कुठे काय करायचं ही निवड म्हणजे हस्तकौशल्य. ती नियमात मावत नाही, समासातल्या ‘प्र’ आणि ‘सा’मध्ये दिसते.

शिवाय सांगणं ही आपली फार जुनी कमाई आहे. श्रावणातल्या कहाण्या सगळ्या सांगितलेल्याच आहेत. आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता, आणि दुसऱ्या वाक्यात बारा वर्षं गेली. हे लाजून टाकून देऊ नका.

हातानं उतरवून काढणं हा यापेक्षाही साधा व्यायाम आहे आणि त्याला मी कितीतरी वर्षं बावळटपणा समजत होतो. आवडत्या कथेची दोन पानं, स्वच्छ अक्षरात, विरामचिन्हांसकट. डोळा जिथून घसरून जातो तिथे हात अडखळतो: अरे, इथे ‘तो म्हणाला’ नाहीच आहे, तरी कोण बोललं ते कळलं.

मोठ्यानं वाचा, मग एकालाच दाखवा

दुसरा खर्डा झाला की तो दार लावून मोठ्यानं वाचा. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, माडगूळकर यांचं कथाकथन ऐकायला गावोगावी माणसं बसायची. मराठी कथेला कानाची परीक्षा नवी नाही. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य लांब आहे. जिथे तुम्ही आवाजात उगाच भाव आणता तिथे शब्द कमी पडलेत. आणि जिथे तुम्हाला लाज वाटून वाचनाचा वेग वाढतो, ते वाक्य कापायचं आहे. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही, पण एकदाही चुकलेलं नाही.

मग एका माणसाला द्या. पाच जणांना देऊ नका, पाच मतांची खिचडी होते. ‘कशी वाटली?’ असंही विचारू नका, ‘छान’ हे उत्तर ठरलेलं आहे. विचारा: कुठे थांबावंसं वाटलं? कुणाचं नाव लक्षात राहिलं नाही? शेवटानंतर काय झालं असेल असं वाटतं? माझ्या बहिणीनं तिसऱ्या प्रश्नाला उत्तर दिलं, “साहेबांनी तो कागद काढून घेतला असेल.” मी ते लिहिलं नव्हतं. ते तिनं ऐकलं याचा अर्थ गोष्ट उभी राहिली होती. अर्थात तिला माझे बाबा माहीत होते, त्यामुळे नंतर एका अनोळखी माणसालाही वाचायला दिली. त्याला खिळे जुळवणं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. एक वाक्य घालावं लागलं.

पाठवताना

दिवाळी अंकासाठी पाठवायचं तर पावसाळ्याच्या तोंडाशी पाठवा. गणपतीपर्यंत बऱ्याच अंकांची पानं भरत आलेली असतात. अंक आधी वाचा, निदान मागच्या वर्षीचा. युनिकोडमध्ये टंकलेली एकच फाइल, वर शीर्षक, शब्दसंख्या, नाव, फोन. सोबतच्या पत्रात गोष्टीचा अर्थ समजावू नका. एकाच वेळी दोन अंकांना तीच गोष्ट नको. तीन महिने उत्तर आलं नाही तर एकदा, फक्त एकदा, विचारा.

आणि गोष्ट पाठवलीत त्याच दिवशी पुस्तक वाचनालयात परत करून टाका. पुढचा पहिला खर्डा लिहून होईपर्यंत ते घरात नको. तो फसला, आणि तो फसणारच, की नव्या रेघा मोजून पुन्हा आणता येईल. तोवर दुसऱ्या कुणालातरी पहिली तीस पानं रंगवू द्या.